शिडाच्या होडीला मशीन

कल्याणच्या खाडीतून शिडावर समुद्राकडे निघायचे तर वाऱ्याआधी पंचांग बघावे लागे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा. तेच पाणी वसईच्या मुखातून शिरून घोडबंदर, कोलशेत, काशेळी, डोंबिवलीचे मोठागाव असे करत कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली पोचते तेव्हा बराच उशीर झालेला असतो, आणि तो उशीर ज्याचा त्याने अनुभवाने मिळवायचा. ओहोटीबरोबर उतरायचे, भरती उलटी लागली की नांगर टाकून बसायचे, पाणी पुन्हा फिरले की निघायचे. चाळीस-पन्नास किलोमीटरची ही वाट अशी टप्प्याटप्प्याने कापली जाई.

वारा मागून किंवा बाजूने असेल तर ठीक. समोरून आला की शिडाच्या होडीला नागमोडी जावे लागते, आणि त्यासाठी खाडीला रुंदी लागते. उल्हास नदीची ही खाडी जिथे रुंद आहे तिथे उथळ आहे. जिथे खोल आहे तिथे दोन्हीकडून तिवरे पुढे आलेली. त्यात पूल. १८५३ साली रेल्वे ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला गेली, आणि तेव्हापासून डोलकाठीच्या वाटेत एकेक पूल उभा राहत गेला. २०१६ मध्ये कल्याण-ठाणे-मुंबई हा १४५ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून जाहीर झाला. ज्या वाटेवर बोटी शतकानुशतके चालत होत्या ती जलमार्ग असल्याचे सरकारी कागदावर यायला बराच वेळ लागला म्हणायचा.

हे एवढ्यासाठी सांगितले की होडीला मशीन बसवतात ते वेगासाठी, असा एक सरसकट समज असतो. (किनाऱ्यावर इंजिनाला मशीनच म्हणतात, आणि या प्रकरणात मीही तेच म्हणणार आहे.) मशीनमुळे वेग थोडाच वाढतो. मोकळी होते ती वेळ. भरतीची वाट न पाहता निघता येते, वारा पडला तरी घरी येता येते. खुल्या समुद्रात वारा बहुधा असतो आणि जागा भरपूर असते, म्हणून तिथे शीड बराच काळ टिकले. खाडीत मशीनची गरज जास्त होती.

या पाण्यात बोटी बांधण्याची परंपरा जुनी. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि दोन वर्षांत इथे लढाऊ जहाजे बांधायला सुरुवात झाली. कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याचा मुलगा होते. वसईच्या पोर्तुगीजांना हे समजले तेव्हा त्यांनी या दोघांना आपल्याकडे वळवून काम सोडायला लावले. घाबरण्याचे कारण नकाशातच आहे. कल्याणचे जहाज समुद्रावर जायचे तर वसईच्या किल्ल्यासमोरून जाणार. पण जहाजे बांधायची जागा म्हणून कल्याणची निवड अचूक होती: मागे शहापूर-मुरबाडचे सागवान, पुढे भरतीचे पाणी.

तीनशे वर्षांनी त्याच सागवानी बांधणीत लोखंड शिरले. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने मच्छीमारांना मशीनसाठी कर्जे आणि सवलती द्यायला सुरुवात केली. सातपाटी हे गाव त्यात आघाडीवर होते. ते आज ज्या पालघर जिल्ह्यात आहे तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. तोवर सातपाटी ठाणे जिल्ह्यातच होते. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि शेतातल्या विहिरीवर चालणारे डिझेल इंजिन ओळखीचे झाले. पुढे ट्रकची सहा सिलिंडरची लेलँड इंजिने बोटींत गेली. आज सरकार नुकसानभरपाई ठरवते तेव्हाही होड्यांची वर्गवारी सिलिंडरवर होते: एक-दोन सिलिंडर, तीन-चार, सहा. होडी किती हातांची, हा जुना प्रश्न मागे पडला.

केरळात याच सुमारास वेगळा रस्ता धरला गेला. १९५२ च्या करारातून नॉर्वेच्या मदतीने कोल्लमजवळ नींदकरा इथे जो प्रकल्प उभा राहिला, त्यात इंजिनासाठी म्हणून नव्या घडणीच्या लहान होड्या बांधल्या गेल्या. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी आधी होडी होती, मग तिच्या पोटात मशीन आले. शिडासाठी घडवलेल्या लाकडी अंगात फिरणारे लोखंड बसवणे हा वेगळा उद्योग आहे, आणि या प्रकरणाचा विषय तोच आहे.

लाकूड हलते. ओले झाले की फुगते, वाळले की आक्रसते, लाटेवर वाकते, आणि लाकडी होडी टिकते ती या लवचीकपणामुळेच. मशीन, शाफ्ट आणि पंखा यांना मात्र एका सरळ रेषेत राहायचे असते, केसभरही न हलता. सगळी कटकट इथून सुरू होते.

या कटकटीचे जगप्रसिद्ध उदाहरण मुंबईत बांधलेले आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश खलाशाची ‘सुहैली’ ही सागवानी शिडाची बोट मुंबईच्या सुतारांनी घडवली आणि १९ डिसेंबर १९६४ ला ती पाण्यात गेली. डेकवर जेमतेम ३२ फूट लांब, पुढे-मागे दोन्हीकडे निमुळती. सुतारांची हत्यारे म्हणजे मुख्यतः वाकस आणि हाताने फिरवायचे गिरमिट. १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फालमथहून निघून २२ एप्रिल १९६९ ला नॉक्स-जॉन्स्टन तिथेच परतला, एकट्याने आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून. सुहैलीत डिझेल मशीन होते आणि ते वाटेत जाम झाले. बोट मात्र घरी आली. ‘सुहैली’च्याच घडणीवर गोव्यात दिवाडी बेटावर ‘थुरिया’ बांधली गेली आणि कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तिच्यावर उतरले. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने तर दोन लाकडी बोटींवर जन्मभर मशीनच न बसवता जग पालथे घातले. अशा लोकांचा आदर वाटतो. पण दर आठवड्याला काशेळीच्या पुलाखालून जाण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

मशीन बसवण्याचा काळ आपल्याकडे ठरलेला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि त्यांच्यावर ताडपत्री किंवा झावळ्यांचे छप्पर पडते. कोळीवाड्यात घर आणि कारखाना यांत अंतर नसतेच. चेंदणीसारख्या ठाण्याच्या मधोमध सापडलेल्या कोळीवाड्यात तर अंगण म्हणावे अशी जागाही आता थोडी. काम तिघांचे: सुतार, फिटर आणि तांडेल (म्हणजे होडीचा म्होरक्या). खराद लागेल तेव्हा वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतले वर्कशॉप जवळ आहे. जुना सुटा भाग हवा असेल तर मुंबईला दारूखान्यात चक्कर टाकायची, जिथे मोडलेल्या जहाजांचे अवयव आजही विकायला असतात.

पहिला प्रश्न किती ताकदीचे मशीन घ्यायचे. इथे हौस नडते. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या लांबीने घातलेली एक मर्यादा असते. होडी स्वतःची लाट तयार करते, आणि लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की पुढची लाट चढण म्हणून उभी राहते. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्कीला पाण्याची टाकी बांधून, लहान प्रतिकृती ओढून हे नियम पक्के केले. हिशेब असा: पाण्यात बुडालेल्या लांबीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढा, त्याला २.४३ ने गुणा, नॉटमध्ये वेग मिळतो. नऊ मीटर लांबीला तो ७.३ नॉट, म्हणजे ताशी साडेतेरा किलोमीटर. त्यापलीकडे कितीही घोडे जुंपले तरी ते लाट उंच करण्यात आणि डिझेल जाळण्यात जातात. या मर्यादेच्या बरेच अलीकडेसुद्धा ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढते. ५ चे ६ नॉट करायला पावणेदोन पट ताकद लागते. पाच-सहा टनांच्या होडीला पंधरा-वीस अश्वशक्ती पुरते. शेजाऱ्याने चाळीसचे बसवले म्हणून आपणही चाळीसचे बसवणारे कमी नाहीत, आणि त्यांच्या होडीचे ढुंगण पाण्यात बसलेले लांबून ओळखू येते.

वजनाचा विचार त्यासोबतच करायचा. शिडाच्या होडीच्या पोटात निरम असते, म्हणजे ती कलंडू नये म्हणून भरलेले दगड किंवा वाळू. जुन्या घडणीचे एक सिलिंडरचे मशीनही दोनशे-तीनशे किलोंचे असू शकते. तेवढे निरम काढावे लागते, पण ते मधून निघते आणि मशीन मागे बसते. त्यामुळे मागची बाजू बुडते आणि नाळ वर येते. उरलेले निरम पुढे सरकवून हा तोल साधायचा. डिझेलची टाकी भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही स्थितींत होडी कशी बसते ते पाहायचे.

पेट्रोलचे मशीन हलके आणि स्वस्त असते. लाकडी होडीच्या बंद पोटात ते बसवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाला साठते, आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरते. डिझेल पेटते, पण इतक्या सहज नाही.

आता मुख्य काम: रेषा. होडीच्या तळातून लांबच लांब जाणारा कणा म्हणजे पठाण, आणि तो मागे जिथे उभ्या खांबाला मिळतो तिथे लाकडाचा भरीव ठोकळा असतो. शाफ्ट याच ठोकळ्यातून बाहेर पडणार. छिद्र पाडण्याआधी तार ओढतात. पोलादी तारेचे एक टोक मशीन जिथे बसणार तिथे, दुसरे खांबाच्या मागे पंखा जिथे फिरणार तिथे, आणि मध्ये ताण. ओळंबा आणि गुण्या लावून ही तार पठाणाच्या बरोबर मध्यावर आणायची. तिचा उतार फार तीव्र झाला तर पंख्याचा जोर होडी पुढे ढकलण्याऐवजी मागची बाजू उचलण्यात जातो. फार सपाट ठेवावी तर मशीनचा तळ होडीच्या लाकडात रुततो. एवढी तडजोड झाली की मगच गिरमिट. चांगला सुतार आधी बारीक छिद्र आरपार काढतो, तार पुन्हा त्यातून ओवून किती चुकले ते पाहतो आणि मग मोठे करताना चूक काढून टाकतो. पूर्ण छिद्रच वाकडे गेले तर लाकूड परत भरता येते, पण खांबाची ताकद परत येत नाही.

छिद्रात नळी बसते, नळीत शाफ्ट. नळी आणि लाकूड यांच्यामधली जागा पाणी शिरण्याचा सोपा रस्ता असल्याने ती पक्की बंद करायची. छिद्राच्या आतल्या कडा उघड्या ठेवल्या तर खाडीतला लाकूड पोखरणारा किडा तिथून घुसतो. त्याला फक्त कोरे लाकूड लागते. जुने लोक होडीच्या तळाला चुना आणि माशाच्या तेलाचा लेप देत त्याचे कारण हेच. छिद्राच्या आतल्या बाजूलाही तेवढीच काळजी लागते, आणि तिथेच ती सहसा राहते, कारण तिथे कुणाची नजर जात नाही.

मग मशीनचा पाया. नुसत्या तळाच्या फळ्यांवर मशीन बोल्टने आवळणे म्हणजे सांधे उघडण्याची सोय करणे. एका सिलिंडरचे मशीन दर फेऱ्याला ठोका देते. हे ठोके अनेक वाकांवर पसरले पाहिजेत (वाक म्हणजे होडीच्या बरगड्या). त्यासाठी दोन लांब, जाड लाकडी तुळया मशीनच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत पुढे-मागे नेतात. त्या प्रत्येक वाकावर बसतील अशा खाचून आणि बोल्ट आरपार काढून घट्ट करतात. तुळयांसाठी सागापेक्षा जड, चिवट लाकूड पसंत करणारे सुतार आहेत. कुणी लोखंडी कोन वापरतात. ते मजबूत खरेच, पण लाकूड हलेल आणि लोखंड हलणार नाही तेव्हा मार बोल्टच्या भोकांना बसतो. माझा कल लाकडाकडे.

पंखा मोठा आणि संथ फिरणारा चांगला, म्हणून मशीन आणि शाफ्ट यांच्यामध्ये गिअर बॉक्स. मशीनचे १८०० फेरे पंख्याला ६०० करून देणारा गिअर म्हणजे ३ ला १. मोठ्या पंख्याला जागा लागते: पात्याच्या टोकापासून लाकडापर्यंत व्यासाच्या दहा-पंधरा टक्के तरी. ही जागा मिळवण्यासाठी सुकाणूचे पान कापावे लागते. कापलेले सुकाणू शिडावर जाताना कमी ऐकते. शिवाय शिडावर जाताना न फिरणारा पंखा पाण्यात ब्रेक लावून बसतो. थोडक्यात, मशीन बसवलेली होडी पूर्वीइतकी चांगली शिडाची होडी राहत नाही. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने मात्र तिला उदार मनाने शिडाचीच मानले होते: केवळ शिडांवर चालण्याइतके कापड असेल तर यांत्रिक साधन असो वा नसो, ती शिडाची नौका.

मशीन थंड कसे करायचे, यात ठाण्याच्या खाडीची स्वतःची अडचण आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खाडीचेच पाणी पंपाने आत घेऊन मशीनमधून फिरवून बाहेर सोडणे. पण मग मशीन साठ अंशांच्या आत ठेवावे लागते, नाहीतर खारे पाणी आतल्या पोकळ्यांत क्षार धरते. त्यातून इथले पाणी म्हणजे अर्धा गाळ. आणि प्लास्टिकच्या पिशव्या! तळातल्या झडपेच्या तोंडावर एक पिशवी बसली की पाणी बंद, आणि काटा लाल होईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. म्हणून इथे मला पठाणाला लागून बाहेरून नळ्या नेण्याची पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. त्यात गोडे पाणी बंद नळ्यांतून फिरत राहते आणि खाडी ते बाहेरून थंड करते. आपटून नळी फुटण्याचा धोका आहे, पण पिशवीचा नाही. धूर बाहेर नेणाऱ्या नळीत पाणी सोडून ती थंड ठेवायची असेल तर नळीला पाण्याच्या रेषेच्या वर एक उंच वळण द्यावेच लागते. ते नसेल तर बंद पडलेल्या मशीनमध्ये मागून खाडी शिरते.

एक गोष्ट फायबरवाल्यांना माहीत नसते. पंखा पितळेचा किंवा काशाचा, खिळे लोखंडाचे, मध्ये खारे पाणी. यातून वीज तयार होते आणि कमकुवत धातू झिजतो. उपाय म्हणून शाफ्टला जस्ताची वडी लावतात, ती स्वतः झिजते आणि बाकीचे वाचते. फायबरच्या किंवा लोखंडी बोटीत जस्त जरा जास्त झाले तरी काही बिघडत नाही. लाकडी होडीत जस्त भारंभार लावले तर सुरक्षित धातूभोवती अल्कली साठते आणि ती लाकूड नरम करते. बोल्ट चकचकीत आणि त्याच्याभोवतीचे लाकूड भुसभुशीत, असा प्रकार होतो. थोडे जस्त, वेळच्या वेळी बदललेले, हेच बरे.

आता सरळ रेषेची परीक्षा. गिअर बॉक्सची आणि शाफ्टची अशा दोन तबकड्या समोरासमोर येतात आणि बोल्टने जोडल्या जातात. जोडण्यापूर्वी त्यांच्या मधली फट चारी बाजूंनी पातळ पट्टीने मोजायची. पाच इंची तबकडीला वरच्या आणि खालच्या फटीत ०.१ मिलिमीटरहून फार फरक चालत नाही. मशीनखाली पत्रे घालून, काढून, सरकवून तो फरक आणायचा. अर्धा दिवस यात सहज जातो आणि फिटरचा स्वभाव इथेच कळतो.

हे सगळे जमिनीवर केले तर वाया जाते. होडी वर असते तेव्हा ती पठाणाखालच्या ओंडक्यांवर आणि बाजूच्या टेकूंवर उभी असते. पाण्यात गेल्यावर मधला फुगीर भाग जास्त उचलला जातो, निमुळती टोके कमी, आणि कणा किंचित कमानीसारखा होतो. त्यात दोन महिने वाळलेल्या फळ्या पाणी पितात. सांध्यांत ठासलेला कापूस आणि लुकण दाबले जाते, पहिल्या दिवशी झिरपणारे पाणी कमी होत जाते, आणि या सगळ्या हालचालीत शाफ्टची नळीही थोडी सरकते. म्हणून जमिनीवर तबकड्या साधारण जुळवून ठेवायच्या, बोल्ट सैल, आणि होडी पाण्यात दोन-चार दिवस फुगू द्यायची. खरी जुळणी त्यानंतर.

पहिल्यांदा मशीन सुरू करताना होडी धक्क्याला दोन्हीकडून बांधलेली हवी. शाफ्ट जिथे आत शिरतो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे सुतळीच्या भरणीच्या जागेतून, फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायला हवेत. नवखा माणूस थेंब पाहून घाबरतो आणि नट आवळत जातो. भरणी कोरडी पडते, तापते आणि शाफ्टला चर पाडते. मग मोकळ्या पाण्यात पुढे, मागे, थांबणे. मागे जाताना होडी सरळ जात नाही, पंख्याच्या फिरण्याच्या बाजूला तिची शेपटी ओढली जाते. कुठल्या बाजूला, ते तांडेलाने त्याच दिवशी पाहून ठेवावे. गर्दीच्या बंदरात ते शिकायला जाऊ नये. नोंदणीच्या कागदांवर मशीनचा क्रमांक चढवायचा राहिला असेल तर तोही आताच.

पंधरवड्याने, एक उधाण आणि एक भांग होऊन गेल्यावर, तबकड्यांचे बोल्ट पुन्हा काढून फट मोजायची. ती बदललेली असते. पत्रा घालायचा किंवा काढायचा, पायाचे बोल्ट आवळायचे, आणि पुढची मोजणी दिवाळीत.